सज्जतेची सनद



दीक्षान्त समारंभात वक्त्याने थोर पुरुषांच्या यशाचे दाखले द्यावेत आणि स्नातकांनी त्यांवरून आपल्या आकांक्षांची उंची ठरवावी, असा एक जुना प्रघात आहे. तो मोडण्याचा माझा हेतू नाही. तरीही आज ज्या गृहस्थांची कारकीर्द मी आपल्यापुढे मांडणार आहे, ते स्वतःच्या खेळातील सर्वश्रेष्ठांच्या गणनेत कधीच नव्हते. खेळाडू म्हणून आयुष्याचा पुष्कळसा काळ त्यांनी दुसऱ्याच्या पाठीमागे उभे राहून काढला, आणि प्रशिक्षक झाल्यावर त्यांच्या वाट्याला जसे मान आले तशाच बडतर्फ्याही आल्या. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे एकेकाळचे क्वार्टरबॅक फ्रँक राइक हे ते गृहस्थ. आपल्यापैकी बहुतेकांनी शारीरिक शिक्षण आणि क्रीडाप्रशिक्षण या विषयांत पदवी संपादन केली आहे. उद्या कोणी शाळेच्या पटांगणावर, तर कोणी जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात दुसऱ्यांना घडविण्याचे काम हाती घेईल. अशा वेळी आपल्याला अपरिचित अशा खेळातील एक चरित्र पाहणे हितकर आहे, कारण तेथे आपला आवडता संघ नाही आणि नावडता खेळाडू नाही, त्यामुळे मनुष्याच्या वृत्तीचा विचार पक्षपातावाचून करता येतो.

प्रथम त्या खेळाची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची, थोडी ओळख करून घेऊ. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर अकरा-अकरा खेळाडूंचे दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्या पक्षाच्या ताब्यात असेल त्याने चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे, न सरकल्यास ताबा गमवावा, हा त्या खेळाचा मूळ कायदा. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो, आणि प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी अंगावर धावून येत असताना अवघ्या दोन-तीन सेकंदांत तो कोणाकडे फेकावा, कोणाच्या हाती द्यावा, की स्वतःच घेऊन पळावे, याचा निर्णय त्याला करावा लागतो. अन्य अनेक जागांवरचे खेळाडू सामन्यात आलटून-पालटून उतरतात, परंतु क्वार्टरबॅक सामान्यतः एकच असतो. आणि त्याच्या मागचा दुसरा क्वार्टरबॅक आठवडाभर तोच अभ्यास करून, तेच डावपेच मुखोद्गत करून, सामन्याच्या दिवशी कडेला उभा राहतो. आज आपली पाळी येईल किंवा पुढील तीन वर्षे येणार नाही, यांपैकी काहीही त्याला सांगता येत नाही.

फ्रँक राइक यांनी ही जागा प्रदीर्घ काळ सांभाळली. पेनसिल्व्हेनियातील लेबनन या गावी वाढलेला हा तरुण मेरीलँड विद्यापीठात आला तेव्हा त्याच्यापुढे बूमर असायसन हा अधिक नामांकित क्वार्टरबॅक होता. तो विद्यापीठातून बाहेर पडल्यावर १९८४ साली राइक यांचा हक्क लागला, परंतु हंगाम चालू असतानाच खांदा दुखावला आणि हाती आलेली जागा सहकाऱ्याकडे गेली. त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर, आदल्या हंगामातील राष्ट्रीय विजेत्या मायामी विद्यापीठाविरुद्ध, मेरीलँडचा संघ मध्यंतरापर्यंत ३१ विरुद्ध ० असा पिछाडीस पडला. प्रशिक्षक बॉबी रॉस यांनी उत्तरार्धात राइक यांना मैदानात पाठविले, आणि मेरीलँडने तो सामना ४२ विरुद्ध ४० असा जिंकला. पिछाडी भरून काढून मिळविलेला एवढा मोठा विजय त्या दर्जाच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये तोपर्यंत कोणी पाहिला नव्हता, आणि पुढे बावीस वर्षे, म्हणजे २००६ पर्यंत, तो विक्रम अबाधित राहिला.

असा पराक्रम केलेल्या तरुणाला व्यावसायिक संघात अग्रस्थान मिळेल, असे कोणासही वाटावे. १९८५ साली बफेलो बिल्स या संघाने त्यांना घेतलेही; परंतु पुढच्याच वर्षी जिम केली हा क्वार्टरबॅक तेथे दाखल झाला, आणि १९९४ पर्यंत राइक हे केलीच्या पाठीमागचेच क्वार्टरबॅक राहिले. बिल्सचे आक्रमण त्या काळी अत्यंत वेगवान असे: दोन प्रयत्नांच्या मध्ये खेळाडू मसलतीसाठी एकत्र जमत नसत, आणि पुढचा डाव क्वार्टरबॅकने प्रतिपक्षाची रचना पाहून जागच्या जागी पुकारायचा असे. त्यामुळे राखीव माणसालाही नेमून दिलेले डाव पाठ करून भागण्यासारखे नव्हते. सगळ्या रणनीतीची कारणमीमांसा, प्रत्येक डावाचा उद्देश आणि प्रत्येक सहकाऱ्याची गती त्याला ठाऊक असणे भाग होते. राइक यांना पुढे जे प्रशिक्षकाचे काम साधले, त्याची पूर्वतयारी, मला वाटते, या कडेच्या वर्षांत झाली. खेळणाऱ्याची दृष्टी स्वाभाविकपणे स्वतःच्या कर्तव्यावर खिळलेली असते. कडेला उभा असलेला, परंतु कोणत्याही क्षणी पाचारण होईल हे जाणणारा मनुष्य सगळा व्यूह पाहतो, आणि तो जबाबदारीच्या नजरेने पाहतो.

त्या नजरेची परीक्षा ३ जानेवारी १९९३ रोजी झाली. केलीच्या गुडघ्याला आदल्या आठवड्यात दुखापत झाल्यामुळे ह्यूस्टन ऑयलर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात राइक यांच्याकडे संघाची सूत्रे आली. मध्यंतरास बिल्स ३ विरुद्ध २८ असे मागे होते. उत्तरार्धाच्या आरंभीच राइक यांनी फेकलेला चेंडू प्रतिपक्षाने मधल्या मध्ये पकडून थेट शेवटच्या रेषेपार नेला, आणि अंतर ३ विरुद्ध ३५ झाले. त्यानंतर त्याच तिसऱ्या सत्रात बिल्सने २८ गुण मिळविले, राइक यांनी उत्तरार्धात टचडाउनचे, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार पोहोचविणारे, चार पास दिले, त्यांपैकी तीन सहकारी आंद्रे रीडला, आणि जादा वेळात बिल्स ४१ विरुद्ध ३८ असे विजयी झाले. बत्तीस गुणांची पिछाडी भरून काढण्याचा बाद फेरीतील तो उच्चांक आजही मोडलेला नाही. पुढच्या आठवड्यात राइक यांनी पिट्सबर्गच्या संघाविरुद्धचाही सामना जिंकून दिला; आणि त्यानंतर केली बरा होताच ते पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे राहिले. स्नातकहो, मला या प्रसंगातील विजयापेक्षा हे परत जाणे अधिक आदरणीय वाटते. पराक्रम गाजविल्यावर दुय्यम आसनावर पूर्वीच्याच निष्ठेने बसणे हे सहसा मनाला सोसत नाही, आणि ज्याला ते सोसते त्याचेच काम अहंकारातून मुक्त झालेले असते.

१९९८ च्या हंगामानंतर त्यांनी खेळ सोडला, धर्मशास्त्राचे अध्ययन केले, आणि २००३ ते २००६ या काळात शार्लट येथील रिफॉर्म्ड थिऑलॉजिकल सेमिनरी या ख्रिस्ती धर्मशिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद भूषविले. २००८ साली, पंचेचाळिशी उलटून गेल्यावर, ते इंडियानापोलिस कोल्ट्स संघात साहाय्यकाच्या हुद्द्यावर रुजू झाले. संस्थेचे अध्यक्षपद सांभाळलेल्या माणसाने उमेदवारीच्या पायरीपासून पुन्हा आरंभ करावा, कधी क्वार्टरबॅकना तर कधी चेंडू झेलणाऱ्या गड्यांना शिकविण्याची कामगिरी पत्करावी, त्यासाठी शहरामागून शहर बदलावे, सॅन डिएगो येथे आक्रमणाचा समन्वयक व्हावे आणि दोन हंगामांनी तेथून कमी केले जावे, हा क्रम कोणाला मानहानीचा वाटेल. राइक यांनी तो विद्यार्थ्याच्या वृत्तीने स्वीकारला.

२०१६ साली फिलाडेल्फिया ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन यांनी त्यांना आक्रमणाचे समन्वयक नेमले. पुढच्या हंगामात संघ ऐन भरात असताना, १० डिसेंबर २०१७ रोजी, तरुण क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झचा गुडघा जायबंदी झाला, आणि आदल्या वर्षी खेळ कायमचा सोडण्याच्या विचारात असलेला निक फोल्स हा राखीव क्वार्टरबॅक पुढे आला. येथे एक योग जुळून आला होता. पीडरसन स्वतः खेळाडू म्हणून बहुतेक काळ ब्रेट फार्व्ह या क्वार्टरबॅकच्या पाठीमागे उभे राहिलेले. राइक जिम केलीच्या पाठीमागे. आणि फोल्स वेंट्झच्या पाठीमागे. वेंट्झसाठी आखलेल्या योजनेत फोल्सला कोंबण्याऐवजी, त्याला पूर्वी काय साधले होते, कोणत्या प्रकारच्या डावात त्याचे मन स्थिर राहते, याचा शोध घेऊन प्रशिक्षकांनी योजनाच त्याच्या मापाने बेतली. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी मिनिआपोलिस येथे ईगल्सने न्यू इंग्लंड पेट्रिअट्सचा ४१ विरुद्ध ३३ असा पराभव करून आपले पहिले सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम सामन्याचे, अजिंक्यपद मिळविले, आणि ३७३ यार्डांचे पास देणारा फोल्स सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अचानक पाचारण झालेल्या माणसाला काय हवे असते, हे त्या दोघा प्रशिक्षकांना स्वानुभवाने ठाऊक होते. आपल्याला जे भोगावे लागले त्याचे शहाणपण करून ते दुसऱ्याच्या हाती देणे, प्रशिक्षकाच्या व्यवसायाचे सार मला यात दिसते.

या विजयानंतर एका आठवड्यात राइक कोल्ट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेही आधी निवडलेल्या व्यक्तीने ऐन वेळी माघार घेतल्यामुळे. पहिल्या सहा सामन्यांत पाच पराभव पत्करलेल्या त्या संघाने उरलेल्या दहांपैकी नऊ सामने जिंकून बाद फेरी गाठली. परंतु २०१९ चा हंगाम तोंडावर आला असता अँड्रू लक या असामान्य क्वार्टरबॅकने दुखापतींना कंटाळून निवृत्ती जाहीर केली, आणि राइक यांना पाच हंगामांत पाच निराळ्या क्वार्टरबॅकना घेऊन आरंभ करावा लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये हंगामाच्या मध्यावर त्यांना बडतर्फ करण्यात आले. पुढच्या वर्षी कॅरोलायना पँथर्सने, म्हणजे ज्या संघाच्या इतिहासातील पहिल्या सामन्यात १९९५ साली ते क्वार्टरबॅक म्हणून उतरले होते त्याच संघाने, त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले, आणि अकरा सामन्यांत एकच विजय मिळाल्यावर तेथूनही त्यांना निरोप दिला. हा भाग वगळून मला त्यांचे चरित्र अधिक उज्ज्वल करता आले असते. परंतु ते आपल्याशी प्रतारणा करणे झाले असते. उत्तम तयारीनेही पराभव येतो, सद्भावनेने केलेल्या कामाचेही अपयश आपल्याच नावे जमा होते, आणि ज्यांनी सन्मानाने नेमले तेच हुकूम काढून दूर करतात, हे सेवेत पाऊल ठेवण्यापूर्वीच आपल्याला ठाऊक असलेले बरे.

मात्र पद काढून घेणाऱ्याला विद्या काढून घेता येत नाही. २०२५ च्या वसंतात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघाला एकाएकी प्रशिक्षकाची निकड भासली, तेव्हा तेथील फुटबॉलचा कारभार सांभाळणाऱ्या अँड्रू लक यांनी त्या हंगामापुरते आपल्या जुन्या प्रशिक्षकाला बोलाविले. जगातील सर्वोच्च स्पर्धेतून दोनदा बडतर्फ झालेल्या मनुष्याने, साठी ओलांडल्यावर, हंगामी हुद्द्यावर महाविद्यालयीन मुलांना शिकविण्यासाठी रुजू व्हावे, आणि बोलावणारा त्याचाच एकेकाळचा शिष्य असावा, याहून शिक्षकाच्या योग्यतेचा अधिक विश्वसनीय दाखला मला माहीत नाही. शिष्याने गुरूला जवळून पाहिलेले असते. यशाच्या आकड्यांची भूल त्याला पडत नाही.

आता या चरित्रातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. प्रतीक्षा हा स्वतःहून सद्गुण नाही. अभ्यासावाचून केलेली प्रतीक्षा म्हणजे आळसच, आणि ज्यांना जातीमुळे, दारिद्र्यामुळे किंवा स्त्री म्हणून संधीच नाकारली जाते त्यांना धीराचा उपदेश करणे हा अन्यायाला हातभार लावण्याचा प्रकार होय. अशा ठिकाणी आपण संधीसाठी भांडले पाहिजे, आणि अधिकारावर असाल तर ती दिली पाहिजे. उद्या आपल्या हाताखाली संघ येईल तेव्हा, सामन्यात न उतरलेल्या मुलाचे नावही आपल्याला ठाऊक असावे, त्याला सरावात पुरेसा वाटा मिळावा, आणि त्याला बाहेर का ठेवले याचे कारण त्याला सरळ शब्दांत सांगितले जावे, एवढी अपेक्षा मी आपल्याकडून हक्काने करतो. संघाची नैतिक योग्यता त्याच्या नायकाला मिळणाऱ्या सन्मानावरून कळत नाही, त्याच्या बाकावरच्या मुलाला मिळणाऱ्या वागणुकीवरून कळते.

स्नातकहो, आज विद्यापीठाने आपल्याला जी सनद दिली आहे, ती ज्ञानाची आहे, जागेची नाही. जागा देणे कधी दुसऱ्यांच्या अखत्यारीत असेल, कधी केवळ योगायोगाच्या. परंतु जागेस पात्र राहण्याची जी रोजची, अप्रसिद्ध आणि बहुधा अलक्षित तयारी, ती सर्वस्वी आपल्या अखत्यारीतली आहे. ती कोणाच्या नेमणुकीने सुरू होत नाही आणि कोणाच्या बडतर्फीने संपत नाही. तेव्हा पहिले स्थान मिळाले तर ते मागच्या माणसाचे स्मरण ठेवून भूषवा, दुसरे मिळाले तर पहिल्याइतक्याच तयारीने सांभाळा, आणि जे शिकाल ते आपल्यानंतर येणाऱ्याच्या स्वाधीन केल्यावाचून निवृत्त होऊ नका. आपले कल्याण असो, आणि आपल्या हातून ज्यांचे कल्याण व्हायचे आहे त्यांच्या उपयोगी आपली विद्या अखंड पडत राहो, असा मनःपूर्वक आशीर्वाद देऊन मी आपली रजा घेतो.