थंडी येण्यापूर्वीची काढणी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील महिला-सभेत केलेले भाषण)

अध्यक्षबाई, भगिनींनो आणि शेजारणींनो,

चिटणीसबाईंनी मला बागेविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी काही शेतकीशास्त्र शिकलेली नाही. परसातल्या चार वाफ्यांत माझ्या हातून जे साधले आणि जे बिघडले, तेवढेच सांगते.

आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कधीमधी दव गोठते, तेही भर हिवाळ्यात. येथे टोरांटोच्या आसपास मात्र कोजागरीच्या सुमारासच ती रात्र येऊन ठेपते. तिलाच इकडे फ्रॉस्ट म्हणतात.

२००९ साली सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी दुधीचा वेल लावला आणि उन्हाळाभर त्याची निगा राखली. ऑक्टोबरच्या आरंभी वेलावर चार दुधी होते. त्या म्हणाल्या, "कोवळे आहेत तोवर काढू या ग." मी म्हटले, "रविवारी मंडळी जेवायला यायची आहेत. दोन दिवसांत आणखी भरतील." रेडिओवर रात्रीचे तापमान २ अंश सांगितले होते. शून्याच्या वर आहे ना, म्हणून मी निर्धास्त झोपले.

सकाळी पाहते तो वेल भाजल्यासारखा काळा पडलेला आणि दुधी पाणचट, मऊ झालेले! वेधशाळेचा आकडा खोटा नव्हता. तो जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवरच्या हवेचा असतो. आकाश निरभ्र असले आणि वारा पडलेला असला, की जमिनीलगतची हवा त्याहून गार होते, हे मला ठाऊक नव्हते. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "राहू दे. थंडी काय आपल्याला विचारून येते?" पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे येणे झाले नाही, आणि नंतर कधीच झाले नाही.

तेव्हापासून माझा नियम असा: आकडा ४ अंशांवर आला की दुधी, काकडी, घेवडा, वांगी, मिरच्या असे सारे दिवस मावळण्यापूर्वी घरात आणायचे. टोमॅटो पांढुरके हिरवे झाले असतील तर ते खोक्यात कागदावर एकेरी थराने मांडावेत आणि जवळ एक पिकलेले केळे ठेवावे. त्यांना उन्हाची गरज नाही. मात्र फ्रिजमध्ये ठेवू नयेत. अगदी कच्च्या टोमॅटोंची तीळ घालून चटणी करावी. कोबी, मेथी, कोथिंबीर हलकी थंडी सोसतात. गाजर तर थंडीने उलट गोड होते. कढीपत्त्याची कुंडी मात्र आधीच आत घ्यावी.

वेल आणखी काही दिवस राखायचा असेल तर संध्याकाळीच जुनी चादर जमिनीला टेकेल अशी पांघरावी, म्हणजे मातीची ऊब आत राहते. सकाळी ऊन आले की ती काढावी. पानांना चिकटणारे प्लॅस्टिक उपयोगाचे नाही.

घरात मावणार नाही ते शेजारी द्यावे. गेल्या वर्षी शेजारच्या बाईंनी माझे हिरवे टोमॅटो नेले आणि आठवड्याने त्यांच्या लोणच्याची बरणी मला आणून दिली!

भगिनींनो, आणखी थोडे भरेल या आशेने आपण थांबतो. भाजी जरा लहान निघाली तरी चालेल; पण जिने ती वाढवली, तिच्या पानात ती पडली पाहिजे. एवढे सांगून आपली रजा घेते.