आमच्या घरी स्पीकर आले त्याची गोष्ट
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा निरोप होता : दहा मिनिटं बोल, पण नोकरीबद्दल नको. सॉफ्टवेअरवाल्यांना असे निरोप येतातच. म्हणून गेल्या वर्षी खालच्या आळीतल्या आमच्या घरासाठी स्पीकर घेतले, त्याबद्दल बोलते.

आपल्या सगळ्यांचा पहिला स्पीकर म्हणजे शाळेच्या मैदानावरचा कर्णा. पंधरा ऑगस्टला सकाळी सहापासून सुरू. त्याला आपण खूप हसलो, पण तो त्याचं काम चोख करायचा. आपण तोंडाभोवती हात धरून हाक मारतो, तेच त्याचं तत्त्व. थोड्या वॉटमध्ये आवाज लांब जातो. त्यात खर्ज नसतो, वरची बारीक झिलईही नसते. पण मधला जो पट्टा राहतो, त्यात माणसाचं बोलणं कळतं. हा मधला पट्टा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझी आई शहात्तर वर्षांची आहे. बाबा गेल्यानंतर तिने गाणं ऐकणं जवळजवळ सोडलं होतं. येणारे-जाणारे म्हणायचे, साहजिकच आहे. एक दिवस तीच म्हणाली, "गाणं ऐकू येतं गं, शब्द पळतात." वय झालं की कानाची वरच्या कंप्रतेची जाण आधी कमी होते. स्वर खालच्या पट्ट्यात असतात, ते ऐकू येतात. स, त, फ यांचा जोर वर असतो, ते निसटतात. मग 'सात', 'हात' आणि 'भात' एकच. अशा वेळी नुसता आवाज वाढवून भागत नाही, कारण आधीच ऐकू येत असतं तेच आणखी मोठं होतं.

तिला श्रवणयंत्र घेतलं. बोलण्यासाठी उत्तम. पण ही यंत्रं बोलणं वेगळं काढण्यासाठी बनवलेली असतात. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा नाहीतर गाडी, असं समजून ती तो दाबायला जातात. आता सतत एकसारखा चालणारा आवाज आपल्या संगीतात कुठला? तंबोरा! यंत्राने तंबोऱ्याला गोंगाट ठरवलं. तज्ज्ञांनी संगीतासाठी वेगळी सेटिंग करून दिली, थोडा फरक पडला. तरी गाणं लागलं की आई यंत्र काढून ठेवायची. तेव्हा ठरवलं, हिला ऐकू येतील असे स्पीकर आणायचे.

अशी दुकानं पुण्या-मुंबईत. गार, गालिचा घातलेली खोली, मऊ सोफा, चहा. तिथे सगळंच छान वाजतं. एक गोष्ट सांगते, कधी घ्यायला गेलात तर उपयोगी पडेल. दोन स्पीकरमधला एक जरासा मोठ्याने वाजत असेल तर कानाला तोच चांगला वाटतो. अगदी एका डेसिबलचा फरकही पुरतो, आणि तो फरक आहे हे कळतसुद्धा नाही. म्हणून खरखरीची चाचणी फाईल लावून, फोनवरच्या मीटरने दोन्ही एका पातळीवर आणल्याशिवाय तुलना करू नका. विक्रेता कंटाळतो. कंटाळू द्या.

ऐकायला काय न्यायचं? दुकानातली चकाचक परदेशी गाणी नकोत. मी पु. लं.च्या आवाजातला 'अंतू बर्वा' नेला. रत्नागिरीकर म्हणून नेला असं वाटेल, तसं थोडं होतंही. पण कारण तांत्रिक आहे. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकतो, त्यातली खोट लगेच कळते. बीबीसीचे इंजिनिअर स्पीकर तपासायला माणसाचं बोलणंच वापरत. त्यांनी सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा चपलांच्या खोक्याएवढा स्पीकर बनवला. त्याचे चाहते अजून आहेत आणि त्याच्या वळणाचे स्पीकर आजही बनतात.

दुसरं, तंबोरा. षड्ज काळी एकचा असेल तर पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला. लहान खोक्यातून तो मूळ स्वर क्षीणच निघतो. तरी खर्ज ऐकू येतो, कारण जवारीमुळे त्याचे वरचे स्वर भरपूर असतात आणि त्यांवरून मेंदू खालचा स्वर स्वतः भरून काढतो. जवारी धूसर झाली की समजावं, स्पीकर मधे लुडबुड करतोय.

दोन जोड्या उरल्या. एक छातीएवढे उंच टॉवर, दुसरी लहान, किंमत निम्म्याहून कमी. कंपन्यांची नावं सांगत नाही, नाहीतर जेवणाच्या पंगतीत तोच विषय चालेल. अनामत ठेवून दोन्ही जोड्या आठ दिवसांसाठी मिळाल्या. आंबा घाटातून त्या मागच्या सीटवर पट्टा लावून आल्या.

आमची खोली पंधरा फूट बाय बारा. छप्पर कौलारू आणि उतरतं, त्यामुळे जमीन आणि छप्पर यांच्यामध्ये आवाज फारसा घुमत नाही. स्लॅबच्या फ्लॅटला हे सुख नाही. पण भिंती चिऱ्याच्या, गिलावा केलेल्या, टणक. पंधरा फुटांच्या लांबीत 37 हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, 75च्या आसपास, आवाज फुगतो. डग्ग्याचा घुमारा नेमका तिथेच.

जुनी साडी दोरीवर टाकून मागे दोन्ही जोड्या एकाच अंतरावर ठेवल्या. हे मनाचं नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 साली दाखवलं की स्पीकर दिसत असले तर ऐकणाऱ्याचं मत बदलतं. भाचा बदलाबदली करत होता. मला आणि दादाला टॉवर आवडले. आईने दर वेळी लहान निवडले.

दादा म्हणाला, "आईच्या कानावर कसं ठरवायचं?" त्याच्या बाजूने शास्त्रही होतं. ज्यांचं ऐकणं कमी झालंय त्यांची स्पीकरबद्दलची मतं फार हेलकावतात, हेही टूल यांनीच दाखवून दिलंय. मी म्हटलं, ठीक, मत नको विचारू या. भाच्याच्या आवाजात सुटे शब्द रेकॉर्ड केले आणि आईला ते परत म्हणायला सांगितलं. 'अंतू बर्वा' चालला नसता, तो तिला पाठ आहे. लहान जोडीवर दोन-तीन शब्द चुकले, टॉवरवर बरेच. खालचा घुमारा वरच्या व्यंजनांना झाकून टाकतो, आणि वय झालेल्या कानात जास्तच.

दादा तरी गप्प नव्हता. "पैसे आपण घालतोय, ऐकणार आपणही." यावर दोन दिवस घरात नीट बोलणं नव्हतं. शेवटी मी त्याला वर्षातले दिवस मोजायला लावले. आम्ही दोघं मिळून इथे असतो पंचवीस-तीस दिवस. आई रोज.

लहान जोडी ठेवली. माझ्या पुण्याच्या घरासाठी मी आजही टॉवरच घेईन, ते काही वाईट नव्हते. वाचलेल्या पैशांतले थोडे जाड पडद्यांवर आणि आईच्या खुर्चीमागे गोधडी टांगण्यावर खर्च केले. स्पीकर खुर्चीपासून अकरा फुटांवर होते, ते साडेपाचवर आणले. अंतर निम्मं केलं की थेट कानावर येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो, भिंतीवरून परतणारा फारसा वाढत नाही. ही सुधारणा फुकट आहे, स्पीकर न बदलताही करून बघा.

राहिला आपला पाऊस. खारी, दमट हवा स्पीकरची वैरी. पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर काही वर्षांत भुगा होतो, म्हणून रबराचीच बघून घेतली. जून ते सप्टेंबर रोज थोडा वेळ ॲम्प्लिफायर चालू ठेवायचा, आत ऊब राहते. हे काम आईने आपणहून घेतलंय. सकाळी आकाशवाणी, दुपारी नाट्यपदं. परवा फोनवर मला म्हणाली, "या गाण्यात हा शब्द असा आहे होय? मी इतकी वर्षं भलताच म्हणत होते."

कुणाला ऐकायचे असतील तर जरूर या, आपली आवडती गाणी घेऊन या. फक्त दोन ते चार येऊ नका, ती झोपते.