पत्त्यांचा भाडेपट्टा

(संगणक कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



दाखल्यासाठी दूरच्या गावाहून आलेला शेतमजूर ‘यंत्र बंद आहे’ एवढेच ऐकून परततो, तेव्हा त्याची दिवसाची मजुरी बुडालेली असते. म्हणून हा विषय केवळ तांत्रिक नव्हे.

जाळ्यातील प्रत्येक संगणकाला पत्ता लागतो. १९९३ साली नियमबद्ध झालेल्या ‘डीएचसीपी’ पद्धतीत सर्व्हर हा पत्ता सामान्यतः ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतो. निम्मी मुदत सरताच संगणक नूतनीकरण मागतो.

संगणकावर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास त्याला पट्टा मिळालेला नाही, असे समजावे. तक्रार एकाच यंत्राची असेल तर प्रथम तार तपासावी. सर्वांची असेल तर सर्व्हरवरील सेवा चालू आहे का, ते पाहावे. नंतर पट्ट्यांची नोंद उघडावी. समजा, साठा २५४ पत्त्यांचा आणि मुदत आठ दिवसांची आहे. अभ्यागतांचे मोबाईलही त्यात वाटेकरी झाले, तर ते निघून गेल्यावरही पत्ते अडून राहतात. अशा ठिकाणी मुदत काही तासांवर आणावी. प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता साठ्यातून वगळावा. परवानगीविना जोडलेला राउटर स्वतःच चुकीचे पत्ते वाटू लागतो. तो शोधून काढावा.

सर्व्हर नुसता बंद-चालू केल्याने साठा मोकळा होत नाही, कारण पट्टे तबकडीवर नोंदलेले असतात. ती नोंद रोज वाचण्याची सवय आपण लावून घेतली, तर रांगेतला माणूस रिकाम्या हाताने परतणार नाही.