वाडीची माणसं

काही गावं आपोआप वाढत जातात, काही कुणीतरी ठरवून वसवलेली असतात. आमच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ठरवून वसवलेली. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगानं भरलेला माळ होता. बेळगावची जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तो देऊ केला. तिथं लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला, कामगारांची घरं झाली. पुढं स्टेशनलाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळालं.

लक्ष्मणरावांना तरुणपणी चित्रकलेची ओढ होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकायलाही गेले. पण त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नव्हता. रंग सुटले आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. मी कविता लिहिणारा माणूस. मला वाटतं, त्यांचं चित्र काही सुटलं नाही. ते त्यांनी माळावर काढलं आणि त्यात माणसं भरली.

कोण होती ही माणसं? गावाची आखणी आणि व्यवस्था पाहणारे रामूअण्णा किर्लोस्कर. हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे. शाळा अर्धवट सुटलेले, पण यंत्रात विलक्षण डोकं चालणारे अनंतराव फळणीकर. आणि रात्रीच्या राखणीला कोण? दरोड्यासाठी शिक्षा झालेली माणसं! ज्यांच्या भीतीनं लोकांनी दाराला कडी लावावी, त्यांच्याच भरवशावर वाडी झोपत होती. शिवाशिवीलाही तिथं मनाई होती. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा यायला तेव्हा अजून कितीतरी वर्षं होती.

लक्ष्मणराव १९५६ साली गेले. संस्थापकाच्या तसबिरीला हार घालणं चांगलंच आहे. पण ज्यानं इतक्या माणसांवर विश्वास टाकला, त्याची आठवण एकट्याच्या तसबिरीत कशी मावेल? भट्टीजवळ घाम गाळणारा ओतारी, पहाटे डबा बांधून देणारी त्याची बायको, भोंग्याच्या वेळेवर संसार चालवणारी घरं, ही त्या चित्रात नसतील तर ते अपुरंच.

आमच्या मोहल्ल्यात कुणी गेलं, की कब्रस्तानातून परतलेली मंडळी ओट्यावर बसतात आणि गेलेल्याची एकेक गोष्ट सांगतात. कुणी उधारी माफ केलेली सांगतो, कुणी त्याचा तापटपणा. रात्र होईपर्यंत त्या माणसाचं चित्र पुरं होतं. मात्र ते लिहून कुणी ठेवत नाही. सांगणारे गेले, की चित्रही जातं.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. २० जून हा लक्ष्मणरावांचा जन्मदिवस. त्या निमित्तानं अशा वसवलेल्या प्रत्येक गावात शाळेतल्या मुलांनी एकेका वृद्ध रहिवाशाकडे जावं. ‘तुम्ही इथं कसे आलात? पहिल्या दिवशी काय काम केलंत?’ एवढंच विचारावं आणि ऐकलेलं वहीत उतरवावं. पानभर पुरे. पण हे लवकर करायला हवं. सांगणारे थकत चालले आहेत.