दुष्काळग्रस्ताला दाखला नाही
(तरुणांच्या बैठकीतलं भाषण)

मी गोदीत गोण्या उचलतो. कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. भाषणाची सवय नाही, पाळीवर बोलतो तसंच बोलणार.

गाव जालना जिल्ह्यातलं. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडं मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्यांचं सरपण झालं. बागवाल्याला सातबारा दाखवून भरपाई तरी मागता आली. आमच्या बापानं काय दाखवायचं? हाताचे घट्टे? त्याच साली मी दहावी पास झालो आन् मुंबईची गाडी धरली.

माझा दोस्त मागं राहिला. जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आहे. तिथल्या खाकीकडं बघत तो बारावी झाला, पहाटे सडकेवर पळाला. भरतीची जाहिरात त्यानं मला वाचून दाखवली. उंची १६८ सेंटीमीटर, छाती ७९, फुगवून आणखी ५. टँकरच्या रांगेत वाढलेल्या पोरानं छाती कशानं भरायची, ते काही लिहिलं नव्हतं.

आरक्षणाच्या रकान्यात भूकंपग्रस्त होता, २ टक्के. १९९३ साली किल्लारीची माती झाली. त्या लोकांना ते मिळालंच पाहिजे. पण दुष्काळग्रस्त? कुठंच नाही. भूकंपात घर पडतं, पंचनामा होतो. दुष्काळात घर उभंच राहतं, आतली माणसं पडतात. त्यांचा पंचनामा कोण करणार?

जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर पळताना पोरं मेली. मग अंतर कमी केलं. भूक तेवढीच ठेवली.

दोस्त लागला. आता कंपनीबरोबर आज इथं, उद्या तिथं बंदोबस्त. घरी म्हातारी टँकरमागं. २०१६ ला लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. उद्या अशाच रांगेवर ह्याला काठी देऊन उभं केलं, तर समोर हंडा घेऊन ह्याचीच माय असंल!

मी विचारलं, सोडत का नाहीस? म्हणाला, सोडून खाऊ काय?

सरकार म्हणतं माणूस टिकला. दोस्तांनो, माणूस अडकला.

म्हणून मागा. भूमिहीन दुष्काळग्रस्ताला दाखला द्या. दुष्काळी सालात वसतिगृहाची खानावळ बंद पडू देऊ नका. शिपायाला घर द्या, घरातल्या नळाला पाणी द्या. मग बघा तो राहतो का जातो.

माझी उंची १६८ भरते. गोदीतल्या भिंतीवर मोजलीय. कमी पडली ती अकरावी-बारावीची दोन वर्षं. ती दुष्काळानं खाल्ली.

जय भीम.