आधी पॅनेल कसं केलं ते सांगा

बेंगळुरू-हैदराबाद-तिरुवनंतपुरमहून आलेले संशोधक, आणि आज कारखान्याची किल्ली सुपरवायझरच्या हाती देऊन आलेले माझे भोसरी-चाकणचे व्यवसायबंधू,

पुण्यात आपल्या सर्वांचं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्ष निवडताना आपल्याकडे त्याची विद्वत्ता कोणी बघत नाही. जेवणाचं आणि मांडवाचं बघणारा माणूस हवा असतो. मीही त्याच अटीवर इथे उभा आहे. कार्बन फायबरचे भाग बनवणारा कारखानदार आहे, संशोधक नाही. तरी माइक हातात आलाच आहे, तर कारखान्याच्या बाजूने चार शब्द बोलतो.

कार्बन कंपोझिटच्या फटीगवरची, म्हणजे पुन्हापुन्हाच्या ताणाने येणाऱ्या थकव्यावरची, परिषद पुण्यात भरावी हे साहजिकच आहे. वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. दिघीला संरक्षण खात्याची अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. युद्धनौकेच्या पुढे बसणारा पहिला देशी कंपोझिट सोनार डोम या संस्थेच्या सहभागातून आणि गोव्यातल्या पिळर्णच्या किनेको कंपनीच्या हातून 2016 साली तयार झाला. तिकडे साताऱ्याकडे निघालात तर चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसतील. मिनिटाला 15 फेरे धरले आणि चक्की थांबलीच नाही असं मानलं, तर 20 वर्षांत एका पात्याचे 15 कोटींवर फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात पातं स्वतःच्याच वजनाने एकदा एका कडेला वाकतं, एकदा दुसऱ्या. फटीग म्हणजे काय, हे त्या पठारावर उभं राहिलं की पुस्तकाशिवाय कळतं.

धातूचा फटीग आपल्याला जुना ओळखीचा आहे. ऑगस्ट व्होलरने एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या रेल्वेचे आस फिरवून फिरवून तोडले, तेव्हापासून ताण आणि चक्रं यांचा आलेख आपण काढतो आहोत. 1954 साली कॉमेट ही ब्रिटिश प्रवासी विमानं हवेत फुटली आणि फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या पाण्याच्या टाकीत त्याचं कारण सापडलं, तेही फटीगच. धातूत बहुधा एक चीर पडते, ती वाढते, मोजता येते. तिच्या मागावर राहता येतं.

कार्बन कंपोझिटमध्ये अशी एक चीर पकडून बसता येत नाही. धागा सात मायक्रॉनचा, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा, आणि साधा टी-300 घेतला तरी ताणात 3,500 मेगापास्कल पेलणारा. तो सहसा थकत नाही. थकतं ते त्याच्या आजूबाजूचं रेझिन, आणि दोन थरांमधला सांधा. या दोघांची ताकद शंभर मेगापास्कलच्या आतबाहेर. आधी भाराला आडव्या, 90 अंशाच्या थरांत बारीक तडे जातात. एका अंतरावर ते पुरेसे दाट झाले की नवे पडायचे थांबतात, आणि मग त्यांच्या टोकांपासून पापुद्रे सुटायला लागतात. कडकपणा सुरुवातीला थोडा उतरतो, मग बराच काळ जवळजवळ तसाच राहतो. त्या काळात सगळं ठीक आहे असं वाटतं. शेवटी भार उरलेल्या सरळ धाग्यांवर येतो आणि ते एकदम जातात.

आमच्या शेडमध्ये फटीगची चाचणी चालू असते तेव्हा मी पाच मिनिटं तिथे थांबतोच. 25 मिलिमीटर रुंदीची पट्टी, दोन्ही टोकांना काचतंतूचे टॅब, हायड्रॉलिक जबड्यांत पकडलेली. सेकंदाला पाच चक्रं. याहून वेगाने चालवली तर पट्टी आतून तापते आणि आपण फटीग मोजतोय की रेझिनचा ताप, हेच कळत नाही. या हिशेबाने दहा लाख चक्रांना सव्वादोन दिवसांहून जास्त लागतात. भोसरीत गुरुवारी लाइट जाते हे आपल्याला माहीत आहेच, त्यामुळे आमच्या चाचण्या शुक्रवारी सुरू होतात. सुरुवातीला बारीक टिकटिक ऐकू येते, मग बराच वेळ काहीच नाही. पुढे कडेला एक काळी रेघ उमटते, ती नखाला लागते. आणि तुटते तेव्हा धागे विस्कटून फुलतात, एकही कड सरळ राहत नाही.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगतो आहे ते. 18 जून 2023 रोजी उत्तर अटलांटिकमध्ये टायटन ही पाणबुडी टायटॅनिककडे उतरताना चिरडली गेली. पाच माणसं गेली. तिचं नळकांडं कार्बन फायबरचं होतं, पाच इंच जाडीचं, दोन्ही टोकांना टायटॅनियमच्या कड्या. अपघातानंतर अमेरिकी तपासयंत्रणांनी जे बाहेर काढलं, ते या सभागृहातल्या प्रत्येकाने वाचावं. जाडी एकसंध नव्हती. एक इंचाचा एक असे पाच थर एकावर एक गुंडाळून, प्रत्येक वेळी भट्टीत शिजवून ती उभी केली होती. मधल्या सुरकुत्या घासून काढल्या होत्या. घासून काढल्या म्हणजे काही ठिकाणी धागेच कापले गेले. पोकळ्या होत्या, सच्छिद्रपणा होता. जुलै 2022 मध्ये एका फेरीवरून वर येताना मोठा आवाज झाला आणि त्यानंतर स्ट्रेन गेजची वागणूक बदलली. आवाज टिपणारी यंत्रणा बसवलेली होती, नोंद झाली होती. तरी पाणबुडी पुन्हा पाण्यात गेली. मधल्या हिवाळ्यात तर ती न्यूफाउंडलँडच्या थंडीत उघड्यावर होती.

मला यात एकच गोष्ट दिसते. त्या नळकांड्याचं आयुष्य आलेखावर ठरलं नाही, ते घडवण्याच्या शेडमध्ये ठरलं. बाहेरून दाब आला की धागा दाबला जातो. दाबात त्याला सरळ धरून ठेवायचं काम रेझिनचं. धागा मुळातच सुरकुतलेला असेल तर रेझिन तरी काय धरणार? आपले चेन्नईचे लोक मत्स्य-6000 या खोल समुद्रातल्या पाणबुडीसाठी 80 मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोल वापरतात, त्याला काही लोक जुनाट विचार म्हणाले होते. मी तो शहाणपणा म्हणतो.

आणि सुरकुती ही काही परदेशातली गोष्ट नाही. प्रीप्रेग, म्हणजे आधीच रेझिन मुरवलेला धाग्यांचा थर, उणे 18 अंशांत ठेवायचं, बाहेर किती तास राहिलं त्याची वहीत नोंद करायची, दर चार-पाच थरांनंतर व्हॅक्यूमखाली दाबायचं. हे सगळं हाताने चालतं. वरचा पॉलिथिनचा कागद एखाद्या थरावर राहून गेला की तिथे सांधाच होत नाही. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या भट्टीतून, भाग चकचकीत निघतो आणि फोटोत सुंदर दिसतो. विमानाच्या पंखावर हातातला पाना पडला तर धातूला पोचा पडतो. कार्बन वरून जसाच्या तसा दिसतो आणि खाली पापुद्रे सुटलेले असतात. आमचे जुने कारागीर म्हणून नाणं वाजवत पुढे सरकतात, बाजारात मडकं वाजवून घेतात तसे. खणखणीत आवाज बद्द झाला की तिथे खडूने गोल. नंतर अल्ट्रासॉनिक स्कॅन लावला की बहुतेक वेळा तो गोल बरोबर निघतो.

म्हणून माझी एक विनंती आहे, ती यजमानाची आहे असं समजून मान्य करावी. या दोन दिवसांत ज्या-ज्या पडद्यावर ताण-चक्रांचा आलेख येईल, त्याच्या आधीच्या स्लाइडवर एवढं सांगा: पॅनेल कोणी केलं, कुठल्या दाबात शिजलं, पोकळ्या किती टक्के होत्या, आणि किती पट्ट्या तुम्ही जबड्यात तुटल्या म्हणून टाकून दिल्या. त्या टाकलेल्या पट्ट्यांत आम्हा कारखानदारांना जास्त रस आहे. एकाच ताणाला एक पट्टी लाखात तुटते आणि दुसरी दहा लाखांनंतरही उभी राहते. तुमच्या लेखांत त्या फरकाला स्कॅटर म्हणतात आणि पुढे जातात. आमच्याकडे त्याच फरकापायी माल परत येतो. उलट बाजूने, आमच्या बंधूंनाही सांगतो: ले-अपची, म्हणजे थर रचल्याची, वही ग्राहकाला दाखवायला लाजू नका. संशोधकाने मागितली तर द्या.

सभागृहाच्या मागे एक लांब टेबल ठेवलं आहे. त्यावर तुटलेल्या पट्ट्या आणि नापास झालेले भाग मांडायचे आहेत, कंपनीचं नाव न लिहिता. आमच्याकडच्या काही मी आधीच ठेवल्या आहेत. हाताळा, वाकवा, फक्त धागे बोटांत घुसतात, तेव्हा शेजारचे हातमोजे घाला. उद्या दुपारच्या सत्रानंतर ज्यांना भोसरीतली शेड बघायची आहे त्यांनी नोंदणी कक्षात नाव द्यावं, बसची सोय आहे.

उद्घाटनाला आधीच थोडा उशीर झाला आहे आणि त्यात माझाही हातभार लागला. स्वागत समितीच्या वतीने आपल्या सर्वांचं पुन्हा एकदा स्वागत करतो आणि उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं अशी त्यांना विनंती करतो.