उधाणाचं गढूळ पाणी

गोराईच्या किनाऱ्यावर सहलीला येणारी माणसं पाणी बघून नाक मुरडतात. वाळू एवढी छान, मग समुद्र असा मातकट का, म्हणून विचारतात. आम्हा किनाऱ्यावरच्या बायकांना हे पाणी रोजचंच, आणि आमची चूलही त्याच्यावरच पेटते.

तळ वाळूचा दिसला तरी दाण्यांच्या फटींत पिठासारखी बारीक माती बसलेली असते. खाडीतून, तिवरांच्या चिखलातून ती येत राहते. पाण्याला वेग आला की वाळूचे दाणे हलतात आणि ही भुकटी सुटून वर उठते. सुपात पाखडताना कोंडा उडतो, दाणा सुपातच राहतो, तसंच.

हा वेग भरती-ओहोटीचा. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला इथं पाण्याच्या चढउतारात चार मीटरहून जास्त फरक पडतो. अष्टमीच्या सुमाराला, भांगेच्या दिवसांत, दीड-दोन मीटरच. वेळ मात्र दोन्हीकडे तीच, सहा तासांच्या आसपास. तेवढ्याच वेळात दुप्पट पाणी न्यायचं, म्हणजे ते धावणारच. त्यातही जोर मधल्या दोन तासांत. पाणी वळताना घटकाभर थांबतं, तेव्हा बारीक वाळू मीटरभर खोली मिनिटभरात उतरते. सगळ्यात बारीक मातीला तेवढंच उतरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. ती बसायच्या आत पुढची ओढ सुरू होते, म्हणून उधाणात पाणी निवळतच नाही. भांगेला जरा निवळतं. पावसाळ्यात लाटाही तळ ढवळतात, मग तर विचारूच नका.

ही ओढ आमच्या कामाची. डोल जाळं खुंटांना बांधून ओढीच्या तोंडाला लावतात. बोंबील, जवळा पाण्याबरोबर आपोआप आत येतो. गढूळ पाण्यात मासळीला जाळंही नीट दिसत नाही. भांगेला ओढ मंद, तेव्हा जाळी शिवायची.

पण बारीक मातीला शहराच्या नाल्यांची घाणही चिकटते, आणि तिसऱ्या, कालवं तेच पाणी गाळून खातात. नाल्याच्या तोंडाजवळच्या तिसऱ्या घेऊ नका. स्वच्छ जागेच्या आणल्यात तरी स्वच्छ खाऱ्या पाण्यात काही तास ठेवा, म्हणजे रेती टाकतात. नाल्याची घाण मात्र एवढ्यानं जात नाही.

आणि तिसऱ्या वेचायला जाताना तिथी बघा. तिथीचे पाऊणपट केले की भरतीचा अदमास येतो: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी पुरी ओहोटी. तेवढ्यात बाहेर या. उधाणाची भरती चढू लागली की गढूळ पाण्यात पायाखालचा खड्डा दिसत नाही. बरोबर मुली असतील तर त्यांना आधी वर पाठवा.